सांगितलं की गुण जातो

१

माईनं सकाळी सुनेच्या हातची पेज घेतली, तिन्हीसांजेला तिचं अंग गार पडलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती रुग्णालयात वारली. एवढंच वाडीला ठाऊक होतं, आणि वाडीला एवढं पुरतं.

माईचं नाव सुगंधा मयेकर. तिची कट्टा गावात दिलेली मुलगी संचिता आईचा देह ताब्यात घ्यायच्या आधीच पोलीस ठाण्यात येऊन बसली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"माझ्या आवशीक वयनीन इख घातल्यान. लिवन घेवा."

सहायक फौजदार परशुराम धुरींनी लिहून घेतलं: आईला वहिनीनं विष घातलं. निवृत्ती तोंडावर आलेली, ढोपरांनी तर कधीच राजीनामा दिलेला. त्यात आदल्या दिवशी शेंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा उजव्या अंगठ्यात गेला होता, त्यामुळे प्रत्येक अक्षराला अंगठा ठणकत होता. अशा माणसाकडे खुनाची तक्रार यावी म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास.

"इख घातल्यान कशावरसून?" त्यांनी विचारलं.

"घरात सगळ्यांनी कालवां खाल्ल्यानी. मी पण खाल्लंय, कोणाक काय झाला नाय. आवशीन दोन दिवस नुसती पेज घेतल्यान, वयनीच्या हातची. आणि तीच गेली. अंगार जांभळे फोड इले, ता कशान?"

 शवविच्छेदन झालं होतं, पण रासायनिक तपासणीचा अहवाल यायला कधी कधी माणूस पुन्हा जन्माला येईल इतका वेळ लागतो. तोवर वाडी थांबणार नव्हती.

"आणि ह्यां बघा." संचितानं मोबाइल पुढे केला. माईचे दोन्ही हात. मनगटापासून कोपरापर्यंत निळ्याजांभळ्या खुणा, काही ताज्या, काही पिवळ्या पडलेल्या. "गणपतीत इल्लंय तेव्हा काढलेलो फोटो. आता सांगा, माझ्या म्हाताऱ्या आवशीक कोण मारी होतां?"

२

माईची सून रश्मी घरापुढच्या खळ्यात तांदूळ निवडत बसली होती. सुतकाचं घर, चुलीवर नुसता भात आणि डाळ. धुरींना बघून ती उठली नाही. उठायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"काय विचारूचा ता विचारा, साहेबानू. सगळ्यांनी विचारून झालाहा."

धुरी खांबाला धरून, दातओठ खाऊन बाकावर टेकले. "त्या हातावरच्या खुणा कसल्यो?"

"मी मारूक नाय. वायच हात धरून उठवलंय तरी निळां पडायचां. कातडी कशी, कांद्याच्या सालीसारखी झालेली. मी माईक म्हटलंय, डॉक्टराक दाखवया. तर म्हणाली, माका काय झालाहा? मी बरी आसंय."

"बरी होती?"

"बरी? वरसभरात जशी नवी झालेली. आधी अर्धी भाकरी नको म्हणायची, आता दोन-दोन खायची. तोंड कसां गरगरीत. शेजारची माणसां म्हणीत, सुनेन सासू पोसल्यान." रश्मीनं सुपातला खडा काढून लांब फेकला. "तीच माणसां आता माझ्या हातचा पाणी पियत नाय. संचिता थंय तिच्या काकाच्या, भाईंच्या घराक जेवता. आधी निदान मीठ कमी म्हणान नावां ठेवायची. आता नावां पण ठेवीत नाय."

धुरींना त्या वाक्यानं बरं वाटलं नाही. भांडण असलं तरी चालतं, ताटावर बसून भांडणारी माणसं एका घरची असतात.

"भाईंकडसून तू औषधाची बाटली नेलंस म्हणे. आंब्याच्या कलमांक किडीसाठी मारतत ती."

"दाराक वाळवी लागली म्हणान नेलंय. ती काय, माळ्यार आसा."

धुरींनी शिडीवर चढायचा विचार केला आणि सोडून दिला. रश्मीनंच बाटली काढून आणली. बुचावरचं सील जसंच्या तसं होतं. तिला मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. खरं निघालं तरी कोण ऐकणार, असा तिचा चेहरा होता.

"माई आजारी पडली तेव्हा काय दुखत होतां तिचां?"

"कायच नाय. पायाक वायच कापलेलां, तेका हळद लावल्यान. दुखता काय म्हणान विचारलंय, तर हसली. ताप नाय, सूज नाय. मगे एकदम बरळाक लागली."

हात धुवायला धुरी घराच्या मागे गेले. माडाच्या बुंध्याशी शिंपल्यांचा ढीग पडला होता. अजून ओला वास येत होता.

"ही कालवां कोणी काढल्यानी?"

"माईनी."

धुरींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मागल्या वर्षी जत्रेला हीच माई देवळाच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून बाहेरूनच हात जोडून गेली होती. ते त्यांनी स्वतः बघितलं होतं, कारण त्यांनाही चढता येत नव्हत्या आणि दोघंही एकाच कट्ट्यावर बसली होती.

३

भाई म्हणजे माईचा दीर. शेजारच्या घरात एकटाच राहणारा. बांधाच्या वादावरून भावजयीशी त्याचं बोलणं बंद होतं, त्यामुळे तिच्यावर लक्ष मात्र बारीक होतं.

"मी बघलंय तिका," भाई म्हणाला. "सुकती लागलेली, पाणी मागे गेलेला. हातात कोयती, डोक्यार टोपली, आणि खडपार अशी चालत होती जशी नवी लग्नाची व्हकाल. माका वाटला, देवीन काय तरी दिल्यान हिका."

"हाक मारूक नाय?"

"बोलणा नाय होता," भाई म्हणाला, आणि त्यानं बांधाकडे बोट दाखवलं. "आता बोलूचा तर कोणाशी?"

म्हणजे माई स्वतःच्या पायांनी समुद्रकाठच्या खडकांवर, खडपावर गेली, गुडघ्यावर बसून कालवं फोडली, आणि तिला काहीही दुखलं नाही. धुरींनी ते डोक्यात ठेवलं. उपयोग काय, ते काही कळेना.

संचिता भाईच्या ओटीवर बसली होती. धुरी पायरी चढताना कण्हले ते तिनं ऐकलं. तक्रारीचं सगळं तेच तेच सांगून झाल्यावर ती पोलिसाशी बोलतेय हे विसरली आणि कुठल्याही कोकणी लेकीसारखी म्हणाली, "काकानू, ढोपरां दुखतत?"

"दुखतत म्हणजे काय, रडतत."

तिनं पिशवीतून कागदाच्या चार पुड्या काढल्या. "झाडपाल्याचा आसा. बाजाराच्या दिवशी एक वैदू गाडी घेवन येता. सकाळी पाण्यातसून घेवा. पण कोणाक सांगू नका हां. सांगितल्यार गुण जाता."

गावठी औषधाची ही रीत धुरींना नवीन नव्हती. त्यांच्या आजीनं काविळीचं मूळ देताना हेच सांगितलं होतं. तक्रारदाराकडून काही घेऊ नये हेही त्यांना ठाऊक होतं. पण ढोपरांना कायदा कुठे कळतो? पुड्या शर्टाच्या खिशात गेल्या.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक लहान मुलगी बाहेर आली. रश्मीची श्रिया. पाठीला शाळेची पिशवी, हातात कपड्यांची दुसरी.

"सुदेश इलो बोटीवरसून," संचिता म्हणाली. सुदेश म्हणजे तिचा भाऊ, रश्मीचा नवरा. "बायलेशी अजून एक शब्द बोलाक नाय. बाराव्या दिवशी देवाक कौल लावतलो, वयनीच गुन्हेगार काय म्हणान. कौल इलो की वयनी आपल्या माहेरी, आणि चेडू माझ्याबरोबर कट्ट्याक. ठरलाहा."

श्रिया आत्याकडे आली नाही आणि आईकडे परतही गेली नाही. दोन घरांच्या मधोमध बांधावर उभी राहिली.

४

दोन-तीन दिवसांनी धुरी रुग्णालयाचा जिना चढून वर गेले आणि वर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण जिना चढलो. कठड्याला हात न लावता. भूकही सडकून लागलेली. कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्यांना जवळजवळ गाणं म्हणावंसं वाटलं, पण समोर डॉक्टर दीपिका बसली होती आणि तिच्याकडे बघून कुणालाही गाणं सुचलं नसतं.

ती वयानं तरुण होती, पण दमट हवेनं आणि पाठोपाठच्या ड्युट्यांनी लवकर जुनी झालेली. तिनं चष्मा काढून डोळे चोळले.

"विष नाही, धुरीसाहेब. रक्तातला जंतू वाढला, आज कळलं. खाऱ्या पाण्यातला आहे. गरम दिवसांत कालवांवर, खडकांवर असतो. जखमेतून आत गेला आणि सेप्सिस झालं."

"मग सुटलो," धुरी म्हणाले. इथे ते ऑफिसातलं मराठी बोलत. "पायाला कापलं होतं तिच्या."

"सुटलो कुठे? जंतू आत गेला म्हणून माणूस लगेच मरत नाही. इथल्या बायकांचे हातपाय रोज कापतात." ती थांबली. बोलावं की झोपावं याचा हिशेब करत असावी. "तुमच्या गावात राखणदार असतो ना? अंगातही असतात. दारोदार. त्यांना जंतूचं नाव-गाव ठाऊक नसतं, पण त्याचा अंगरखा ओळखता येतो. परका अंगरखा दिसला की ते हाकाटी करतात. एका पेशीची हाक दुसरी ऐकते, ती तिसरीला सांगते. मग रक्त धावतं, जागा लाल होते, सुजते, ठणकते, ताप चढतो. तुम्ही त्याला आजार म्हणता. ती राखण असते."

"आणि हे सेप्सिस?"

"ती हाकाटी आवरेनाशी झाली की सेप्सिस. एका घरात चोर शिरला म्हणून सगळा गाव कोयते-मशाली घेऊन धावला आणि अंधारात स्वतःचीच घरं पेटवून बसला, तसं. जंतू मारतो त्याहून जास्त ही धावपळ मारते. रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं बंद पडतात. माईंचं तेच झालं." तिनं चष्मा परत घातला. "पण आधीची हाकाटी मला सापडत नाही. पायाच्या कापाभोवती लाली नव्हती. ताप नव्हता. ठणका नव्हता. जंतू निवांत वाढत राहिला आणि मग एकदम सगळीकडून बोंब उठली. पहिल्या तासाला मीही फसले. राखणदार झोपले कसे, एवढंच मला सांगा."

 धुरींनी उजव्या हातानं कपाळ पुसलं.

"अंगठ्याला काय झालं?"

"काही नाही. काटा गेला होता. आता बरा आहे."

तिनं अंगठा धरला आणि दाबला. नखाच्या कडेनं पिवळा पू आला. धुरी बघतच राहिले. जणू अंगठा दुसऱ्या कुणाचा होता.

"हे दुखलं नाही?"

"नाही."

"दुखायला हवं होतं. इतका पू आणि लालीही नाही? काही औषध चालू आहे?"

"नाही," धुरी म्हणाले.

खोटं बोलतोय असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. औषध म्हणजे डॉक्टरनं दिलेलं. चिठ्ठीवरचं. शब्द तोंडातून सुटला आणि तिथेच, टेबलावरून ओघळणारं पाणी बघावं तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

"डॉक्टरबाई, माईला आणलं तेव्हा घरच्यांना हे विचारलं होतंत?"

"हे म्हणजे?"

"औषध चालू आहे का."

"विचारलं की. सगळे म्हणाले, काही नाही."

धुरींनी खिशात हात घातला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो याहून मोठा कुणी घातला नसेल. शेवटची उरलेली पुडी त्यांनी टेबलावर ठेवली. सांगितल्यावर गुण जातो म्हणतात. हा गुण जावा असं त्यांना अगदी मनापासून वाटत नव्हतं.

दीपिकानं पुडी हुंगली. मग त्यांच्या बोटाचं रक्त घेऊन यंत्रात साखर बघितली आणि भुवया चढवल्या. "एवढी कधी होती?"

"कधीच नाही."

"प्रयोगशाळेत पाठवू. पण झाडपाल्यानं साखर अशी चढत नाही आणि ढोपरं रातोरात सुटत नाहीत. कुटून घातलेलं स्टेरॉइड असणार. ते राखणदारांचं तोंडच दाबून धरतं. म्हणून दुखत नाही. वर्षभर घेतलं तर भूक वाढते, तोंड गोल होतं, कातडी पातळ होऊन..."

"हात निळे पडतात," धुरी म्हणाले.

५

बाराव्याचं जेवण उरकलं होतं. खळ्यात भाई पान लावत बसला होता. सुदेश देवळात जायला धुतलेला सदरा घालून उभा, बायकोकडे पाठ करून. संचिता ओटीच्या पायरीवर, शेजारी श्रियाच्या दोन पिशव्या, श्रिया मात्र लांब बांधावर. रश्मी स्वयंपाकघराच्या दारात.

धुरी काठी टेकत आले. पुड्या थांबल्या होत्या, ढोपरं व्याजासकट वसुली करत होती आणि अंगठ्याला पट्टी होती.

"कौल मगे लावा," ते म्हणाले. "आधी माझां आयका."

त्यांनी माडाखालून उचललेला कालवाचा शिंपला खळ्यात ठेवला. धार अशी की बोट फिरवावं तर रक्त यावं.

"इख नाय होतां. ह्या शिंपल्यान माईच्या पायाक कापल्यान, थंयसून खाऱ्या पाण्यातलो जंतू आत गेलो. डॉक्टरान रक्तात बघल्यान तो. कालवां शिजवून तुम्ही खाल्ल्यात, म्हणान तुमका काय झाला नाय. पेज बाधूक नाय. भाईंच्या बाटलीचां सील मी बघलंय, फोडूक नाय."

"पायाक कापून माणूस मरता?" सुदेश पहिल्यांदा बोलला.

"मरूचो नाय. पाय सुजतलो, ताप येतलो, माणूस बोंब मारीत डॉक्टराकडे जातलो आणि वाचतलो. माई बोंब मारूक नाय. कित्याक, तर तिका दुखलांच नाय. हात निळे पडले ते माराचे नाय. तोंड गोल झाला, भूक वाढली, जी बाई पायरी चढी नाय ती खडपार गेली. ह्यां सगळां एकाच वस्तून केल्यान." धुरी संचिताकडे वळले. हे वाक्य त्यांना गेल्या सबंध नोकरीत सर्वांत जड गेलं. "पोरी, आवशीक पुडी कधीपासून दिलंस?"

संचिता हसली. काही तरी चूक होतेय आणि आपण ती सुधारू, असं हसली. "पुडी? गेल्या शिमग्यापासून. पण ती औषध नाय, काकानू. झाडपालो तो. गुण इलो ना तिका! चालाक लागली ना!"

"लागली. म्हणान खडपार गेली."

"तिका कोणी सांगितल्यान जावक? ह्या वयात कालवां कित्याक..."

ती थांबली.  रश्मीच दारातून हळू म्हणाली, "तू येतलंस म्हणान. सगळी तुझ्यासाठी शिजवूक सांगल्यान. आपण पेज घेतल्यान. म्हणाली, चेडवाक कालवां आवडतत."

संचितानं दोन्ही हात तोंडावर धरले. धुरींनी नजर वळवली. इतकी वर्षं त्यांनी चोर पकडले, दारू पकडली, एकदा खुनीही पकडला होता. असं पकडणं त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं, आणि आता या वयात यायला नको होतं.

"म्हणजे मी मारलंय तिका?"

"नाय गो." धुरी तिच्या शेजारी पायरीवर टेकले. टेकताना कण्हले, आणि ते कण्हणं त्यांनी लपवलं नाही. "तू तिचां दुखणां थांबवलंस. लेक आवशीसाठी करता तां केलंस. दुखणां म्हणजे राखण, ही गोष्ट तुका ठावक नाय होती. माका तरी खंय ठावक होती? तुझी पुडी खिशात घालून मी हंय इख शोधीत फिरत होतंय. डॉक्टरान विचारल्यान, औषध घेतास? मी नाय म्हटलंय. पोलीस असान." पट्टी बांधलेला अंगठा त्यांनी तिच्यासमोर धरला. "पुडीत काय घातलाहा तां त्या गाडयेवाल्याक ठावक होतां. आणि कोणाक सांगू नका म्हणान तेनांच सांगल्यान. येत्या बाजाराक मी थंय उभो रवतलंय."

"मी वयनीक..." संचितानं श्रियाच्या पिशव्यांकडे बघितलं.

भाईनं लावलेलं पान तसंच तबकात ठेवलं. सुदेश पायरीपाशी आला, श्रियाच्या दोन्ही पिशव्या उचलल्या आणि आत घेऊन गेला. जाताना तो रश्मीसमोर थांबला.  तिनं बाजूला होऊन त्याला वाट दिली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. ते दोघांमधलं एका दिवसात मिटणारं नव्हतं.

श्रिया बांधावरून धावत आली आणि आईच्या पदराला चिकटली.

संचिता पायरीवरून हलेना. ऊन खळ्यातून सरकून माडावर गेलं. धुरींना ठाण्यात जाऊन सगळं लिहायचं होतं, पण उठायचं म्हणजे ढोपरांची मनधरणी करायची, आणि त्यांना तेवढा उत्साह नव्हता.

मग रश्मी बाहेर आली. हातात वाडगा, त्यात गरम पेज, कडेला लोणच्याची फोड. तिनं तो संचिताच्या पुढ्यात ठेवला आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली. भाईनं मान खाली घातली. वाडगा कुणी तरी उचलावा किंवा लाथाडावा, काही तरी एकदाचं व्हावं, असं धुरींना वाटलं.

संचितानं वाडगा उचलला.  तिनं तोंडाला लावला, एक घोट घेतला, डोळे मिटून गिळला. मग आणखी एक. पेजेत डोळ्यांतलं पाणी पडत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"मीठ कमी आसा, वयनी," ती म्हणाली.

रश्मी मीठ आणायला आत गेली.